पाळण्याला आधार कार्ड

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा मोहर्लीला वाघांच्या जंगलात सफारीचा गाइड आहे. बनावट वेबसाइटवरून परमिट काढून आलेले पर्यटक तो गेटवर लांबूनच ओळखतो. खऱ्या परमिटवर प्रत्येकाच्या ओळखपत्राचा नंबर असतो; खोट्यावर वाघाचा मोठा फोटो, तोही बहुधा दुसऱ्याच जंगलातल्या वाघाचा.

पावसाळ्यात जंगलाचा आतला भाग, म्हणजे कोअर, सफारीला बंद झाला तसा तो बहिणीला आणि मुलीला घेऊन बल्लारपूरला माझ्याकडे आला आणि फोन पुढे केला. चौथीतल्या त्या मुलीला त्यानं हैदराबादकडचं थीम पार्क कबूल केलं होतं. वर्षभर ती इतरांना फिरायला आलेलं बघते. फोनवर ‘रॉयल गोल्डन फॅमिली पॅकेज’ होतं: तिकीट, हॉटेल, जेवण, सगळं निम्म्या भावात, मात्र पैसे संध्याकाळपर्यंत भरायचे. ‘रॉयल’ आणि ‘गोल्डन’ हे दोन शब्द एका ओळीत दिसले की मी मंगल कार्यालयाच्या दारातूनही परत फिरतो.

“जावईबापू, हे खरं कशावरून?”

“आधार मांगतलं ना त्यायनं, तिघायचंबी. खोटा माणूस कायले मांगन? मी फोटो धाडूनबी देल्ले.”

रोज खोटे परमिट पकडणारा माणूस नेमक्या त्याच कसोटीनं फसत होता, याचं मला नवल वाटलं.

“तुमच्याकडे आत वाघ आहे. पाळण्यात बसायला आधार कशाला?”

“मले का माईत? मी कधी बसलो पाळण्यात?”

मीही बसलो नव्हतो. शेजारच्या बाई मात्र गेल्या वर्षी तिथे जाऊन आल्या होत्या आणि त्यांनी तिकीट जपून ठेवलं होतं. त्यावरच्या नंबरवर त्यानं फोन लावला. पलीकडच्या मुलीनं हिंदीत सांगितलं, असलं पॅकेज आमचं नाही, आधार लागत नाही, तिकीट खिडकीवर मिळतं.

त्यानं फोन ठेवला. “मंग आत कितीक गेले, कितीक भाईर आले, हे समजते कसं ह्यायले?”

बहिणीनं तिघांच्या आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाकलं. तेवढ्यात मुलगी दारात आली. तिनं अर्धंच ऐकलं होतं.

“मंजे जायाचं नाई?”

त्यानं चपला घातल्या. आम्ही स्टेशनवर गेलो, हैदराबादच्या गाडीच्या रिझर्वेशनचा फॉर्म घेतला. प्रवाशांच्या रकान्यात त्यानं सगळ्यात आधी तिचं नाव लिहिलं, आणि मग मला तिचं वय विचारलं, कारण ते त्याला नक्की आठवेना.