ईश्वरप्पाची लाल खूण

ईश्वरप्पाबद्दल लिहायचं तर त्याच्या खिशापासून सुरुवात करावी लागते. आमच्या विद्यापीठात आता कुणीही प्राध्यापक खडूनं लिहीत नाही. सगळे पडद्यावर चित्रं दाखवतात. अख्ख्या आवारात खिशात खडू घेऊन फिरणारा माणूस एकच, आणि त्यानं आयुष्यात एक तासही शिकवलेला नाही.

विद्यापीठ नांदेडचं, एवढंच सांगतो. नाव घेतलं तर उद्या सकाळी माझ्या दारात दोघं-तिघं येऊन उभे राहतील. त्यातल्या 'लोकधोरण व पर्यावरण अभ्यास केंद्रा'त मी निवृत्त होईपर्यंत कारकून होतो. केंद्राचं नाव इतकं लांब की पहिल्या पाटीवर ते 'पर्यावरण'पाशीच संपलं आणि उरलेल्या 'अभ्यास केंद्रा'साठी दुसरी पाटी ठोकावी लागली. वर्षातून चार परिसंवाद पाणीटंचाईवर व्हायचे. टेबलावर पाण्याच्या बाटल्या मांडलेल्या असायच्या आणि विद्वान मंडळी प्रत्येकी दोन घोट पिऊन, टंचाईबद्दल हळहळून निघून जायची. मग ईश्वरप्पा सगळ्या उष्ट्या बाटल्या गोळा करून कुंड्यांना घालायचा. केंद्राच्या धोरणाचा प्रत्यक्ष उपयोग झालेली झाडं तेवढीच.

त्याचा हुद्दा क्षेत्र सहायक. काम असं, की महिन्यातून एकदा ठरलेल्या अठरा गावांत जायचं, ठरलेल्या विहिरीवर उभं राहायचं, पोलादी टेपच्या शेवटच्या दोन-तीन फुटांवर खडू घासायचा, टोकाला लोखंडी वजन बांधायचं आणि टेप पाण्यात सोडायची. वर ओढली की जिथपर्यंत खडू भिजला तिथपर्यंत पाणी. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर त्यानं ऑइलपेंटनं एक लाल खूण केलेली. मोजायचं ते त्या खुणेपासूनच. वीस वर्षांत एक महिना चुकला नाही. करोनात पोलिसांनी अडवलं तर हा पोलिसालाच मोटारसायकलवर मागं बसवून विहिरीवर घेऊन गेला, असं तो सांगतो. मी निम्मं धरतो.

एवढ्या कामाची घरात किंमत शून्य. त्यातून मुलगी दिली उदगीरला, आणि व्याही मिळाले गुरुबसप्पा. धान्याची आडत, जाड आवाज आणि चार माणसांत दुसऱ्याची टोपी उडवायची हौस. साखरपुड्यातच त्यांनी विचारलं होतं, "ईवाई, मी काय म्हणतो, विहिरीत वाकून बघायचा पगार देतात म्हणं तुमच्या विद्यापीठात? आमच्या गल्लीत दोन पोरं हायत, दिवसभर तेच करत्यात. लावा की ओ त्यास्नी."

मांडव हसला. ईश्वरप्पाही हसला, पण ते हसू त्याच्या घशात नऊ वर्षं अडकून होतं.

म्हणून मागच्या हिवाळ्यात केंद्राच्या संचालक शिल्पा मॅडमनी त्याला बोलावून सांगितलं, "मामा, शनिवारी आपल्या अहवालाचं प्रकाशन आहे. तुमचा सत्कार ठेवलाय. वीस वर्षांच्या नोंदी तुमच्या, तुम्हीही चार शब्द बोला," तेव्हा त्यानं पहिला फोन केला तो उदगीरला. दुसरा मला. तिसरा शिंप्याला.

अहवालही काही साधा नव्हता. त्यात रेणापूर तालुक्यातलं हिवरवाडी हे गाव नायक होतं, नाही तर खलनायक म्हणा. सगळ्या गावांचं पाणी पावसाप्रमाणे वरखाली होत होतं. हिवरवाडीचं मात्र दोन वर्षांपूर्वी एका महिन्यात अडीच फूट खाली गेलं आणि मग खालीच राहिलं. मॅडमनी त्याला नाव दिलं होतं 'धोक्याचा टप्पा'. पान सतरावर रंगीत आलेख, आणि खाली शिफारस, की या गावात पाच वर्षं नव्या विहिरीला परवानगी देऊ नये. हेच धोरण पुढं जिल्हाभर लावावं. मोठे अधिकारी येणार होते, ते याच पानासाठी.

गुरुवारी फलकावर छापायला फोटो हवा म्हणून मॅडमचा संशोधक विद्यार्थी भागवत ईश्वरप्पाला घेऊन हिवरवाडीला गेला. नव्या सदऱ्यात ईश्वरप्पा विहिरीला टेकून उभा राहिला. उन्हासाठी भागवतनं त्याला नेहमीच्या जागेवरून हलवून पलीकडच्या बाजूला घेतलं, टेप हातात दिली, खडू कॅमेऱ्याकडं धरायला लावला.

"मामा, जुना फोटो पण आहे बघा तुमचा, दहा वर्षांपूर्वीचा, याच विहिरीवरचा," भागवत मोबाईल पुढं करत म्हणाला. "दोन्ही शेजारी-शेजारी छापू."

ईश्वरप्पानं जुना फोटो पाहिला. त्यात कठडा त्याच्या गुडघ्यापाशी होता. मग स्वतःकडं पाहिलं. कठडा खिशातल्या पेनाला लागत होता.

आता ईश्वरप्पाची उंची हा आमच्या ऑफिसात जपून बोलायचा विषय. कपाटाचा वरचा कप्पा त्यानं कधी पाहिलेला नाही. तरी माणूस पन्नाशीनंतर एवढा खचत नाही.

"भागवत, एक तर इहीर वाढली, न्हाई तर मी आटलो."

भागवत हसला आणि गावाचे फोटो काढायला पुढं गेला. तेवढ्यात विहिरीशेजारच्या घरातून रुक्मिणबाई चहा घेऊन आल्या. सत्तरीच्या, गावातल्या सगळ्यांच्या आजी. ईश्वरप्पाची लाल खूण गेली वीस वर्षं त्यांच्याच पाहऱ्यात.

"आजी, हा कठडा कधी वाढवला?"

"आता बगायलाव व्हय? दोन वर्सं झाली की. म्हैस पडता पडता वाचली, तवा पंचायतीनं अडीच फूट चढवला. त्या अंगाला वटा पण बांधला न्हाई का, तुमाला हुबं राह्यला? त्याच वट्यावर तर हुबं ऱ्हाता."

ईश्वरप्पाच्या डोळ्यांपुढं तो ओटा आला. नवा ओटा, निळा रंग, 'पाणी वाचवा' असं मोठ्या अक्षरात. तेव्हा त्यानं पंचायतीची तारीफ केली होती. ओट्यावर चढलं की कठडा पुन्हा गुडघ्यापाशी यायचा, म्हणून अंगाला कधी कळलंच नाही.

"आन माझी खूण?"

"ती व्हय!" रुक्मिणबाईंचा चेहरा उजळला. "गवंडी मेला त्यावर शिमिट थापू लागला. मी म्हनलं, मुडद्या, सायबाची खूण खाली गाडतूस? त्याच्याच हातानं वर पयल्यासारखी काढून घेतली. तवापून सणावाराला हळदी-कुकू लावत्ये. जरा बी हलू दिली न्हाई."

जरा बी हलू दिली नाही, फक्त अडीच फूट वर नेली. ईश्वरप्पा मनातल्या मनात हिशेब करत राहिला आणि चहावर साय धरली. हिवरवाडीचं पाणी जिथं होतं तिथंच होतं. धोक्याचा टप्पा गवंड्यानं बांधला होता.

"सायेब," रुक्मिणबाई आवाज बारीक करून म्हणाल्या, "खालच्या वस्तीवर बायांना प्यायच्या पाण्याची इहीर मंजूर व्हायची हाय. ती तुमच्या कागदात आडकली म्हनत्यात. खरं का?"

ईश्वरप्पानं चहा सायीसकट एका घोटात संपवला.

संध्याकाळी मला फोन. सगळं सांगून म्हणाला, "काय करू?"

खोटं कशाला सांगू, मी त्याला म्हटलं, "गप्प बस. शनिवारी शाल घे, सोमवारी मॅडमच्या कानात सांग. अडीच फुटानं जग बुडत नाही."

"आन शनिवारीच त्या सायबानं सही केली तर?"

"तर मग सोमवारी सायबाच्या कानात सांग."

"आणि ईवाई यायलेत," तो म्हणाला. आणि मग, "मॅडमला आत्ताच लावतो." मॅडमचा फोन लागेना, त्या दिल्लीच्या विमानात. शुक्रवारीही लागला नाही. त्याची बायको अंबिका मला नंतर सांगत होती, की माणूस दोन दिवस आरशासमोर उभा राहून भाषण पाठ करायचा आणि मधेच थांबायचा. शेवटी तिनं विचारलं, "झालं का पाठ?"

"झालं हुतं. आता दुसरंच करावं लागंल."

"मग कोट घालायचा का न्हाई?"

"कोट घालायचा," ईश्वरप्पा म्हणाला. "शिवून आलाय."

शनिवारी सभागृह भरलं. पहिल्या रांगेत अधिकारी, दुसरीत प्राध्यापक, तिसरीत गुरुबसप्पा, तेही गुलाबी फेटा बांधून, जणू सत्कार त्यांचाच. मागं हिवरवाडीची मंडळी, त्यांत रुक्मिणबाई. मी मुद्दाम कडेची खुर्ची धरली, तिथून सगळ्यांची तोंडं दिसतात.

मॅडम विमानतळावरून थेट व्यासपीठावर. ईश्वरप्पा त्यांच्याकडं दोनदा गेला, दोनदा कुणीतरी हार घेऊन मधे आलं. शाल पडली, श्रीफळ पडलं, टाळ्या पडल्या. ध्वनिक्षेपक एका उंच प्राध्यापकासाठी लावलेला. ईश्वरप्पाच्या कपाळाला लागत होता. त्यानं तो खाली ओढला, खांद्यावरची शाल काढली, घडी घातली आणि टेबलावर ठेवली.

"ही मला ज्या कामाची दिलीत, त्यात चूक हाय," तो म्हणाला. "पान सतरा."

आणि सगळं सांगितलं. कठडा, ओटा, गवंडी, खूण. हातवारे करून, स्वतःच्या खिशाला हात लावून. "खुणेवर माझा विश्वास हुता, म्हणून मी इहिरीकडं बघितलंच न्हाई. हिवरवाडीचं पाणी जिथल्या तिथं हाय."

मागून रुक्मिणबाई उठल्या. "त्याला बोलू नका कोणी! खूण म्या काढून घेतली. गुन्हा लावायचा तर मला लावा!" तेव्हा मोठे साहेबसुद्धा हसले.

शिल्पा मॅडम हसल्या नाहीत. तो आलेख काढायला त्यांनी आठ महिने घातले होते. एकाही विद्वानाला, पाणी एका महिन्यात अडीच फुटांची पायरी कसं उतरलं, हा प्रश्न पडला नव्हता, आणि हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं. त्यांनी ध्वनिक्षेपक घेतला.

"सगळ्यांनी पेन काढा," त्या म्हणाल्या. "पान सतरा उघडा. आलेखावर आडवी रेघ मारा. शिफारस खोडा. मामा, बरोबर आकडे सांगा."

ईश्वरप्पानं खिशातली वही काढली आणि दोन वर्षांचे आकडे अडीच फूट वजा करून सांगत गेला. साठ माणसं लिहून घेत होती. आमच्या केंद्राच्या इतिहासात अहवाल सगळ्यांनी उघडल्याचा हा पहिलाच प्रसंग. मोठ्या साहेबांनी तर स्वतःची प्रत खोडून शेजाऱ्याचीही खोडली. मग मॅडमनी टेबलावरची शाल उचलली आणि त्याच्या खांद्यावर पुन्हा टाकली. ती जरा वाकडी पडली. त्यानं सरळ केली नाही.

जेवणाच्या रांगेत गुरुबसप्पा त्याच्या मागं येऊन उभे राहिले. मी ताट घेऊन जवळ सरकलो. अशी संधी मी सोडत नाही.

"ईवाई," गुरुबसप्पा म्हणाले, "तीस वर्सं आडत केली. काटा चुकला तर तोलणारा आपल्या तोंडानं सांगतो, हे मी आज पयल्यांदा बघितलं की ओ. आमच्या धंद्यात असता तर उपाशी मेला असता."

"म्हणून तर इहिरीत वाकतो," ईश्वरप्पा म्हणाला.

गुरुबसप्पा इतके जोरात हसले की पुढच्याच्या ताटातली जिलेबी हलली. मग स्वतःच्या ताटातली एक उचलून त्यांनी ईश्वरप्पाच्या ताटात ठेवली.

पुढच्या महिन्यात ईश्वरप्पा हिवरवाडीला छिन्नी घेऊन गेला आणि विहिरीच्या जुन्या दगडात, आतल्या बाजूला, खूण कोरून आला. कठडा आता आभाळाला लावा, ती खूण हलायची नाही. वरची लाल खूण रुक्मिणबाईंनी पुसू दिली नाही. तिला त्या अजून कुंकू लावतात. खालच्या वस्तीच्या विहिरीचा कागद पुढं सरकला आहे. किती, ते मोजायला अजून खडू निघायचा आहे.

आणि उदगीरहून परवा फोन होता. नातवाचं जावळ आहे, चार दिवस राहायला या, असा आग्रह. ईश्वरप्पा येतो म्हणाला. फोन ठेवता ठेवता गुरुबसप्पांनी हळूच पुस्ती जोडली, "या, नक्की या. पण दुकानात आलात तर तेवढं आमच्या काट्याकडं बघू नका."