धम्मशीलाबाई नऊला येतात

मानवत रोडच्या त्या जिनिंगमध्ये दोन गोष्टींना कुणी हात लावत नसे. एक भगवानराव मॅनेजरांची खुर्ची आणि दुसरा सर्व्हर. खुर्चीला हात लावला तर भगवानराव ओरडत. सर्व्हरला हात लावला तर तो सांभाळणाऱ्या धम्मशीलाबाई खंदारे नुसत्या बघत, आणि त्यापेक्षा ओरडणं परवडलं, असं लोक म्हणत.

सर्व्हर म्हणजे दिसायला काही फार नव्हे. वजनकाट्याशेजारच्या खोलीतला, धान्याच्या डब्याएवढा काळा डबा. पण कापसाची गाडी काट्यावर चढली की तिचं वजन या डब्यात जाऊन बसे आणि मगच पावती निघे. डबा बंद असला की गाड्यांची रांग पार रस्त्यावर जाई आणि ड्रायव्हर लोक भगवानरावांच्या सात पिढ्यांची आपुलकीनं चौकशी करत.

पंधरा वर्षांपूर्वी इथं कापसाच्या गंजीला आग लागली होती. तेव्हापासून मालकांचा हुकूम होता की संध्याकाळी काम सुटलं की साऱ्या जिनिंगचा मेन स्विच खाली. रखवालदार तात्याराव तो हुकूम इतक्या निष्ठेनं पाळत, की एकदा खुद्द मालक लिहीत बसलेले असताना त्यांनी अंधार केला होता. त्यामुळे सर्व्हर रोज संध्याकाळी डोळे मिटायचा आणि सकाळी कुणीतरी बटण दाबून उठवलं की पहिला प्रश्न विचारायचा, पासवर्ड काय? उत्तर एकट्या धम्मशीलाबाईंना ठाऊक. म्हणून हंगाम सुरू झाला की अकरा किलोमीटरवरच्या गावाहून बाईंनी पहिली एसटी धरायची, सहाला पोचायचं, आठ अक्षरं टाकायची आणि मग नऊपर्यंत माशा मारत बसायचं. चौदा हंगाम असेच गेले. चौदा हंगामांत बाईंनी गरम भाकरी फक्त रविवारी पाहिली.

यंदा डिसेंबरात एका गुरुवारी एसटी आलीच नाही. बाई पोचल्या तेव्हा आठ वाजले होते आणि रांगेत बेचाळीस गाड्या होत्या. भगवानराव फाटकातच उभे होते.

"बाई, आता एक करा. पासवर्ड कागदावर लिहा अन् पडद्याखाली चिकटवा. तात्याराव टाकील."

"न्हाई."

"न्हाई म्हंजे?"

"न्हाई म्हंजे न्हाई, साहेब. त्या पासवर्डनं आत गेलं की कुणाच्याबी गाडीचं वजन बदलता येतं. लोकांनी सहा महिने राबून कापूस आणायचा अन् आपण पासवर्ड भिंतीवर टांगायचा? मग काट्याचं सोंग तरी कशाला?"

"मग रोज सहाला हजर पाहिजे. एसटी येवो न येवो."

"तेबी न्हाई. मी नऊला येणार. माझ्या नेमणुकीच्या कागदावर नऊ ते सहा लिहिलंय. आज एसटीची वाट बघता बघता पिशवीतून काढून वाचला."

भगवानरावांना इतका संताप आला की त्यांचा चष्मा आपोआप नाकावरून घसरला. "ठीक हाय! सोमवारी सकाळी साडेसहाला काटा चालू दिसला पाहिजे. न्हाई दिसला तर खोलीची चावी माझ्या टेबलावर ठेवा. मग घरी नऊला उठा, न्हाईतर बाराला!"

"चालू दिसंल," बाई म्हणाल्या. "माझ्याबिगर दिसंल."

हे बोलताना ते कसं करायचं याचा बाईंना नीटसा पत्ता नव्हता, ही गोष्ट वेगळी. पण बोलून गेल्यावर मागं फिरायचा त्यांच्या घराण्यात रिवाज नव्हता. नवरा धम्मानंद शाळेत मास्तर. तो म्हणाला, "अगं, आधी विचारायचं तरी." बाई म्हणाल्या, "कुणाला? त्यांना?" आणि लॅपटॉप उघडून बसल्या.

दोन दिवस त्यांनी माहितीपत्रकं वाचली, चुकल्या, पुन्हा वाचली. शनिवारी सर्व्हरच्या खोलीत ठाण मांडलं. भगवानराव दर अर्ध्या तासानं दारात येऊन खाकरत.

"काय करायलाव?"

"वीज आली की ह्यानं बटण दाबायची वाट न बघता आपण होऊन उठावं, अशी मांडणी केली. आता उठल्यावर आपण होऊन आत जाईल, असं करायलेय."

"पासवर्ड काढून टाकला? घराला कडीच न्हाई?"

"कडी हाय. 'काटा' नावाचा वेगळा गडी ठेवलाय. सर्व्हर सुरू झाला की हा गडी आपोआप आत येतो. त्याला फक्त वजन घ्यायचं अन् पावती काढायची मुभा. घेतलेलं वजन बदलायला गेला तर सर्व्हर त्याला हाकलून देतो. बदलायची किल्ली माझ्याच नावावर."

"अन् मधीच अडलं तर?"

"तर मी घरून बघीन. माझ्या लॅपटॉपपासून ह्याच्यापर्यंत एक बंदिस्त वाट केलीय. तिच्यातून ह्याचा पडदा मला घरी दिसतो, हलवताबी येतो. शिरताना माझ्या मोबाईलवर आकडा येतो. तो टाकल्याबिगर मलासुद्धा आत घेत न्हाई."

"म्हंजे तुमी गावात बसून आमच्या डोक्यावर नजर ठेवणार!"

"तुमच्या न्हाई, साहेब. ह्याच्या. तुमच्यावर ठेवायला मला पगार न्हाई."

सोमवारी साडेसहाला तात्यारावांनी मेन वर केला. भगवानराव हात मागं बांधून काट्याजवळ उभे होते. पाच मिनिटांनी आतलं छपाईयंत्र खरखरलं आणि पहिली पावती बाहेर आली. मग दुसरी. मग तिसरी. भगवानरावांनी तिन्ही पावत्या उलटसुलट करून पाहिल्या, मागून कुणी ढकलली तर नाही ना, अशा नजरेनं. इकडं बाई चुलीजवळ लॅपटॉप ठेवून बसल्या होत्या, आणि धम्मानंद मास्तर भाकरी थापत होते, कारण बाईंचे हात रिकामे नव्हते.

सातला लॅपटॉपवर दिसणारा पडदा काळा झाला.

लगेच फोन वाजला. "बाई! बसलं तुमचं यंत्र! एकवीस गाड्या उभ्या हायत. अशाच निघा, रिक्षा करा, काय वाट्टेल ते करा!"

चौदा वर्षांची सवय पायात होती आणि पाय उठायलाच निघाले. बाईंनी त्यांना पुन्हा पाटावर बसवलं. आज गेलं तर उद्याही सहाला जावं लागणार, हे त्यांना लख्ख दिसत होतं.

"मी न्हाई येणार. तात्यारावांना फोन द्या. तात्याराव, खोलीत जा अन् सर्व्हरला हात लावून बघा."

तात्याराव रखवालीची दुसरी चावी घेऊन गेले. "बाई, लय ताप हाय. तव्यावानी झालाय. अन् गोधडीबी गरम लागायलीय."

"गोधडी?"

असं विचारलं आणि बाईंनी कपाळावर हात मारला. जिनिंगमध्ये रुईचे तंतू माशांसारखे उडतात. ते यंत्रात जाऊ नयेत म्हणून तात्याराव रोज संध्याकाळी सर्व्हरला आपल्या बायकोनं शिवलेली गोधडी गुंडाळत, चारी कोपरे आत खोचून, लेकराला घालतात तशी. आणि बाई रोज सकाळी ती काढून घडी करत आणि मगच बटण दाबत. हात ते काम इतकी वर्षं करत होते की डोक्याला त्याची खबरच नव्हती. आज बटण दाबायलाच कुणी नव्हतं, म्हणून गोधडी काढायलाही कुणी नव्हतं. बिचारा सर्व्हर अर्धा तास पांघरुणात राबला आणि भोवळ येऊन पडला.

"काढा ती! पंखा लावा. दहा मिनिटं गार होऊ द्या. मग त्या खोलीचं बटण खाली अन् वर."

दहा मिनिटं ड्रायव्हर लोकांनी हॉर्नवर भजन केलं. मग बटण खाली गेलं आणि वर आलं. सर्व्हरच्या पोटात दिवा लागला. खोलीत भगवानराव आणि तात्याराव दोघेच, दोघांचेही हात यंत्रापासून लांब. पडदा उजळला, 'काटा' आपला आपण आत गेला, वजनाची खिडकी उघडली. पण पावत्या अडकून राहिल्या होत्या. तेवढ्यात पडद्यावरचा बाण हलला, तुरुतुरु कोपऱ्यात गेला आणि त्यानं अडकलेल्या पावत्या मोकळ्या केल्या.

"तात्याराव! बाण एकटाच फिरायलाय!" भगवानराव दोन पावलं मागं सरले.

"मी हाय, साहेब," फोनमधून आवाज आला. "पुढची गाडी घ्या."

गाड्या हलल्या. थोड्या वेळानं भगवानरावांनी पुन्हा फोन केला. या वेळी आवाज मऊ होता. "बाई, जमलं खरं. मग असं करा, उद्यापासून सहाला येऊन तेवढी गोधडी काढून देत जा."

"गोधडी काढायला पासवर्ड लागत न्हाई, साहेब. ज्यांनी घातली ते काढतील."

"काढीन की!" मागून तात्याराव ओरडले.

"अन् ती घरून बघायची किल्ली? एक माझ्याकडंबी असू द्या म्हणतो."

"वजनं बघायची देते. बदलायची न्हाई."

भगवानरावांनी चष्मा नाकावर सारला. "चावीचं काय?" बाईंनीच विचारलं. "टेबलावर ठेवू का?"

"असू द्या तुमच्याकडंच," ते पुटपुटले. "पण लवकर या जरा."

बाई नऊ वाजून सात मिनिटांनी फाटकातून आत आल्या. भगवानरावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. बाईंनीही पाहिलं. मग त्यांनी हजेरीचं पुस्तक पुढं ओढलं, पेनाचं टोपण काढलं आणि वेळेच्या रकान्यात, चौदा वर्षं जिथं सहा लिहिलं जात होतं तिथं, टपोऱ्या आकड्यांत लिहिलं, ९.०७. खाली सही केली. सात मिनिटं उशीर झाल्याचं त्यांनी स्वतःच लाल पेनानं लिहिलं, कारण नियम म्हणजे नियम.

"उद्या नऊला," त्या म्हणाल्या आणि खोलीत गेल्या.