टाकीला टाकी

ट्रेलर उभा करायचा म्हणजे ब्रेक लावून किल्ली काढायची, असं लोकांना वाटतं. आमचं खरं काम किल्ली काढल्यावर सुरू होतं. डिझेलची टाकी उघड्यावर राहिली की ती रिकामी झालीच म्हणून समजा. कुलूप तोडायला दोन मिनिटं लागतात, पाइप आत सोडायला तेवढीही नाहीत. म्हणून आम्ही ड्रायव्हर लोक टाकीची बाजू भिंतीला चिकटवून गाडी लावतो. भिंत नसेल तर दुसरा ट्रेलर शोधायचा. एकाचं तोंड हायवेकडे, दुसऱ्याचं उलट, टाक्या समोरासमोर आणि मधे जेमतेम हात जाईल एवढी फट. याला टाकीला टाकी लावणं म्हणतात. पण एकाने गाडी हलवली की दुसऱ्याची टाकी उघडी पडते, त्यामुळे शेजारी कोण आहे ते बघून घ्यावं लागतं.

मी जरा जास्तच बघायचो. या गोष्टीच्या आदल्या वर्षी एका ढाब्यावर मी जेवून येईपर्यंत माझी टाकी कोरडी झाली होती. मालकाने तक्रार केली नाही. पुन्हा असं झालं तर किल्ली ठेवून घरी जायचं, एवढंच म्हणाला. डिझेल मीच विकलं असं त्याला वाटत होतं आणि ते त्याने लपवलंही नाही. हे माझ्या फार जिव्हारी लागलं. किन्हवलीच्या कडेला आमची वस्ती, जमिनीचा तुकडा कुणाकडेच नाही. बाबा मुरबाडच्या एका कारखान्याच्या गेटवर जन्मभर राखणीला बसले, पण तिथला एक खिळा त्यांनी कधी घरी आणला नाही. मी मालकाचं बोलणं त्यांना सांगितलं. चार दिवसांनी त्यांनी बांबूची एक पातळ काठी तासून माझ्या हातात ठेवली. तिच्यावर सुरीने खुणा पाडल्या होत्या. गाडी सोडताना टाकीत बुडवून बघायची आणि परत आल्यावर पुन्हा.

त्या दिवशी शहापूरजवळ एका गोदामाबाहेरच्या मोकळ्या जागेत मी माल उतरवायला नंबर लावून उभा होतो. भिंत नव्हती, म्हणून मराठवाड्यातल्या एका ड्रायव्हरच्या गाडीला टाकीला टाकी लावली होती. पन्नाशीचा माणूस, तंबाखू मळत बसलेला, ओळख ना पाळख. सकाळी दहाला ताईचा फोन आला. बाबा दोन महिने अंथरुणावरच होते.

"श्वास लागलाय रे त्यांना," ती म्हणाली. "तू आता नाय आलास तर नाय भेटायचे."

सापगावहून किन्हवलीची जीप मिळाली असती. तासाभरात मी बाबांपाशी असतो. माझा चेहरा बघून शेजारच्याने काय झालं ते विचारलं. मी सांगितलं.

"मग थांबलाव कशाला? जावा तुमी," तो म्हणाला. "माझी गाडी हलणार नाही. मी हाय की हितं."

मी म्हणालो, बघतो. आणि केबिनमध्ये जाऊन बसलो.

थोड्या वेळाने गोदामाच्या गेटवरून त्याचा नंबर पुकारला. माल उतरवायला दोन दोन दिवस ताटकळलेले ड्रायव्हर अशी हाक आली की पळत सुटतात. याने हातानेच नको म्हणून सांगितलं आणि मागच्या गाडीला पुढे जाऊ दिलं. मग आणखी एकीला. मी आरशातून सगळं बघत होतो. कुठला ड्रायव्हर आपला नंबर सोडतो? मी कधी एकदा जातो याचीच हा वाट बघतोय, अशी माझी खात्रीच पटली. ताईचे आणखी दोन फोन आले. निघतोय, निघतोय, असं दोन्ही वेळा सांगितलं आणि टाकीवरची नजर हलवली नाही.

तीनच्या सुमाराला माझा नंबर आला. माल उतरवून रिकामा ट्रेलर बाहेर काढला तेव्हा ताईचा शेवटचा फोन आला. ती रडत नव्हती. सावकाश ये म्हणाली.

त्या माणसाने हात करून मला पुन्हा त्याच्याच शेजारी गाडी लावायला लावली. आता कसली राखण, म्हणून मीही लावली. त्याच्याशी एक शब्दही न बोलता चालू लागलो.

घरी बाबांना पांढऱ्या कपड्यांत ठेवलं होतं. माझी समजूत काढावी म्हणून ताईने सांगितलं, की बाबा दुपारपर्यंत दाराकडे बघत होते. तू गाडीपाशी आहेस म्हटल्यावर म्हणाले, "मग बराबर हाय. गाडी टाकून कसा येल तो." त्यापेक्षा तिने मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

सगळं उरकून दुसऱ्या दिवशी दुपारी मी परत आलो. शेजारची गाडी जागेवर नव्हती. ती गेटच्या रांगेत सगळ्यात पुढे उभी होती आणि माझी टाकी उघडी पडली होती. सांगायला लाज वाटते, पण बाप जाऊन पुरता दिवसही झाला नव्हता आणि मी पळत केबिनमध्ये चढलो, काठी काढली, कुलूप उघडून टाकीत बुडवली. डिझेल होतं त्याच खुणेला होतं.

"आत्ताच हलिवली बघा गाडी," मागून आवाज आला. "काल चार वेळा सोडला नंबर, म्हणून आजवर गेला. वडील कसे हायत?"

काठीच्या टोकावरून डिझेल माझ्या चपलेवर ठिबकत होतं. काठी लपवायला कुठे जागा नव्हती.

"गेले," मी म्हणालो.

"पर तुमची भेट झाली ना?" त्याने विचारलं.

मी मान डोलावली.