वयोमर्यादा आणि माझा लांब हात

सुरगाण्याकडच्या आमच्या पाड्यावर पोराला शाळेत घालायचं वय ठरवायची एक पद्धत होती. हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा. बोटं कानाला लागली की पोरगं सहा वर्षांचं झालं. माझे हात लांब. आईबाप दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला निघालेले, मला कुठं ठेवायचं हा प्रश्न होता. गुरुजींनी कान धरायला लावला, जन्मतारीख एक जून लिहिली, आणि पाचही पुरी झाली नसतील अशी मी सहाची झाले. आमचा अख्खा वर्गच एक जूनचा.

पुढे घरातली पहिली कॉलेजात मीच गेले आणि पहिली डॉक्टरही मीच झाले, फक्त औषध न देणारी. नाशिकच्या एका कॉलेजात मी फळमाश्या पाळते. मक्याऐवजी नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ खाणाऱ्या माश्या म्हाताऱ्या कशा होतात, ते बघते. कुठली माशी कधी जन्मली हे मला तासापर्यंत माहीत असतं. स्वतःचं साल माहीत नाही.

नवख्या शास्त्रज्ञांसाठी वार्धक्याच्या संशोधनाची फेलोशिप निघाली. अर्ज केला तेव्हा मी वयात बसत होते. मग त्यांनी मुदतवाढ दिली, तशी वय मोजायची तारीखही पुढे गेली, आणि मुलाखत चांगली होऊनही मी बाद. समितीतले एक सर बाहेर भेटले तेव्हा आपुलकीनंच म्हणाले की प्रतिज्ञापत्र करून जन्मतारीख बदलून घ्या, सगळेच घेतात.

आईला फोन केला. नागली खळ्यावर होती तेव्हा तू झालीस, एवढं तिला आठवत होतं. साल कोण लिहून ठेवतंय, म्हणाली. मग विचारलं, "तुला म्हातारी कोण म्हणलं गं?"

म्हणजे मला एखादी सोयीची तारीख निवडावी लागली असती. नाही निवडली. स्वतःचा आकडा सोयीनं घ्यायचा, तर माझ्या माश्यांचे आकडे कोणी का खरे मानावेत?

सरांना सांगितलं, "सर, शरीराचं वय आणि दाखल्यावरचं वय वेगळं असतं, यावरच तुम्ही संशोधन करायला सांगता. मग नवखेपण जन्मतारखेवरून का मोजता? पीएचडी झाली तिथून मोजा."

ते हसले. नियम आहे, म्हणाले. पुढच्या वर्षी तर तुम्ही आणखी मोठ्या असाल.

फेलोशिप गेली. आता मी तासिका तत्त्वावर शिकवते आणि मधल्या वेळात माश्यांच्या बाटल्या बदलते. नियम बदला, असं निवेदन मात्र पाठवलं. सटाणा, नांदगावकडून आलेल्या, असंच कागदावर वय चढलेल्या संशोधकांच्या सह्या घेतल्या. एकानं विचारलं की मॅडम, नियम बदलेपर्यंत पीएचडीपासून मोजलं तरी तुमचं वय उलटून जाईल, तुम्हाला काय मिळणार?

काही नाही मिळणार, हे मला कळतं. पहिली सही माझीच आहे.