रस्त्याकडचा बिनखताचा वाफा

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस मी कृषी पदव्युत्तर पदवीच्या प्रबंधासाठी वारूळवाडीत, चुलत्यांच्या रानात, टोमॅटोचा प्रयोग लावला. माझ्याकडे माती परीक्षणाचा अहवाल होता. काकांनी तो चष्मा लावून, यथोचित आदराने वाचला आणि विचारले, "यात बाजूवाल्यानं किती गोण्या टाकल्या ते कुठं लिवलंय?" आमच्याकडे खताची मात्रा ठरवण्याचे हेच सर्वमान्य शास्त्र होते.

माझे शास्त्र तुलनेने गरीब होते. एक जुना सरळ वाण, एक नवा संकरित. खताच्या मात्रा चार: शिफारशीइतकी, निम्मी, दीडपट आणि शून्य. कोणत्या वाफ्याला कोणती मात्रा, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले. बिनखताचा वाफा खरोखर बिनखताचा राहिला, तरच खताने काय साधले हे सांगता येणार होते. आणि ते त्याच हंगामात सांगता आले, तरच मला पुढच्या वर्षी पीएच.डी.च्या प्रवेशासाठी मुलाखतीला बसता येणार होते. चिठ्ठ्यांना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांनी एक बिनखताचा वाफा नेमका रस्त्याकडेला काढला.

रोपे फिकट पडू लागली तशी वाटसरूंची करुणा जागी झाली.

"काय राव, खत संपलं का तुमचं?"

"प्रयोग हाय पुतणीचा," काका म्हणत.

"कसला? उपाशी मारायचा?"

काका हसत. संध्याकाळी मात्र रस्ता टाळून बांधाबांधाने घरी येत. काकीची चिंता अधिक व्यवहारी होती. "पोरीला बघायला येणारं पावणं आधी रान बघत्यात," ती म्हणाली. म्हणजे माझी पदवी आणि माझे लग्न, दोन्हींचा निर्णय त्या वाफ्याच्या पानांच्या रंगावर येऊन ठेपला होता. फरक इतकाच, की एकीला ती पिवळी हवी होती आणि दुसऱ्याला हिरवी.

मध्यंतरी मी पानांचे नमुने घेऊन पुण्याला प्रयोगशाळेत गेले. तीन आठवड्यांनी परतले तेव्हा रस्त्याकडचा बिनखताचा वाफा कमरेएवढा, गर्द हिरवा आणि जवळजवळ फुलाविना उभा होता. आतल्या बाजूचे बिनखताचे वाफे पूर्वीसारखेच प्रामाणिक, पिवळे.

"काका, यात काय टाकलंत?"

"कुठं काय? पाटाच्या पाण्यासंगं वाहून आलं असंल."

"पाणी या वाफ्यातून तिकडे जातं. उलटं कधीपासून वाहायला लागलं?"

बांधालगत खुरप्याने भांगलणाऱ्या काकीने मान वर केली. "आवो, सांगून टाका. ती मातीतलं खत वळखती, तुमचं तोंड वळखायची नाय व्हय?"

"युरिया दिला दोन ओंजळी," काका म्हणाले. "आतलं तुझं ऱ्हाऊ दिलं की उपाशी. लोकांला दिसतंय तेवढंच हिरवं केलं." मग जरा थांबून, "आन् ते निम्म्या खताचं वाफं बी लई मलूल दिसत व्हतं. त्यांला बी थोडं थोडं."

एखादा वाफा बिघडला तर गणिताने सावरता येतो. दयाळूपणा अख्ख्या रानात पसरला, तर त्यावर सूत्र नाही.

माझे मार्गदर्शक अनुभवी होते. ते शांतपणे म्हणाले, "शून्याचे आकडे आतल्या पिवळ्या वाफ्यांसारखेच लिहा. शून्य शून्यासारखं दिसलं म्हणजे झालं." एवढ्या शिकलेल्या माणसाने अगदी काकांसारखेच बोलावे, हे मला अपेक्षित नव्हते. काकांनी निदान स्वतःच्या पदरचा युरिया खर्च केला होता.

मी तसे आकडे लिहिले नाहीत. प्रयोग पुन्हा लावणार असे सांगितले आणि एक वर्ष हातचे घालवले. माझ्याबरोबरचा एकजण, ज्याचे सगळे आकडे फार देखणे होते, त्या वर्षी पुढे गेला. काकीने मला तीन दिवस गोडाधोडाचे खाऊ घातले आणि काकांनी प्रायश्चित्त म्हणून तोडगा काढला: "रस्त्याच्या कडंनं मक्याच्या दोन दाट वळी लावतो. आडोशाला तुला काय उपाशी मारायचं ते मार."

मक्याने विज्ञानाची अब्रू झाकली. त्या हंगामात संकरित वाण शिफारशीच्या मात्रेपर्यंत फळे वाढवत गेला, दीडपटीला त्याने फळांऐवजी पाने दिली. जुना सरळ वाण निम्म्यावरच तृप्त होता. बिनखताचे वाफे खुरटले, पिवळे पडले, आणि मला त्यांच्याइतके सुंदर काही दिसले नव्हते.

वर्षभराने मुलाखतीत विचारण्यात आले, की प्रबंधाला एक वर्ष जास्त का लागले. मी म्हटले, "बिनखताचा वाफा बिनखताचा ठेवायला लागलं." समितीतले बहुतेक सदस्य कागद चाळत राहिले. कोपऱ्यातल्या एका ज्येष्ठ सदस्याने मात्र पेन खाली ठेवले. तोवर ते अत्यंत शुद्ध मराठीत बोलत होते. आता आवाजात आमच्या शेजारच्या आंबेगावचा हेल उतरला.

"वाफा रस्त्याला व्हता का?"

"हो, सर."

ते खाली मान घालून बराच वेळ हसले. मग त्यांनी शेजाऱ्याला सांगितले, की त्यांना आणखी काही विचारायचे नाही, आणि माझ्या नावापुढे काहीतरी लिहिले. आठवड्याने प्रवेशाचे पत्र आले.