लाल घेऱ्यातलं माहेर

उदाराम रहांगडालेंना घड्याळ लागत नसे. बिरसीच्या विमानतळापासून हाकेच्या अंतरावर त्यांची दोन एकर धानाची बांधी. शिकाऊ पायलटांची विमानं दिवसभर डोक्यावर घिरट्या घालत आणि नुसत्या आवाजावरून उदाराम सांगत, आता नऊ वाजले, आता जेवणाची सुट्टी झाली. एखादं विमान टेकताना उसळलं की म्हणत, "नवा दिसतो." शेजारी बांधीच्या कडेला, धुऱ्यावर बसलेली त्यांची एकुलती एक आचल मान दुखेस्तोवर वर बघत राही. आपणही एक दिवस उडवू, असं ती म्हणे आणि बाप हसून तिच्या हातात विळा देई.

बारावी झाली, लग्न झालं, आचल इटियाडोह धरणाच्या कालव्याखालच्या गावात नांदायला गेली. विमानं माहेरीच राहिली. पाच वर्षांनी तिच्या बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळाला. तो उडवणार कोण, असं विचारल्यावर बाकीच्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या, तोवर आचलचा हात वर गेलेला होता. तिनं प्रशिक्षण घेतलं, परीक्षा दिली, रिमोट पायलटचं प्रमाणपत्र मिळवलं. त्यावरचा पायलट हा शब्द तिनं किती वेळा वाचला, ते तिचं तिलाच ठाऊक. त्याच दिवशी फोनवर बापाला शब्द देऊन बसली, की पहिली फवारणी तुमच्या बांधीत.

शब्द आधी दिला, नकाशा मागाहून पाहिला, आणि इथंच घोडं पेंड खात होतं. ड्रोनसाठी सरकारनं सगळ्या देशाचे रंग पाडलेत. हिरव्या भागात ठराविक उंचीपर्यंत परवानगीवाचून उडवता येतं. पिवळ्यात विमानतळाच्या नियंत्रण कक्षाला विचारावं लागतं. लाल भागात केंद्र सरकारनं मुभा दिल्याशिवाय पंखासुद्धा फिरवायचा नाही. आचलनं बोटांनी नकाशा मोठा करत नेला. सासर हिरवंगार होतं आणि माहेर लालभडक.

तिनं अर्ज केला, विचारपूस केली, पुन्हा अर्ज केला. धान पोटरीला येऊ लागला तरी उत्तराचा पत्ता नव्हता.

पोळ्याला ती माहेरी गेली, तेव्हा बांधीत खोडकिडा दिसू लागला होता. उदारामांनी तोडगा काढूनच ठेवला होता. दुपारी एक ते दोन एकही विमान उडत नाही, पंधरा वर्षं कान देऊन बसलोय, ड्रोन गाडीत घालून आण आणि तेवढ्यात उरकून घे, असं त्यांचं म्हणणं. आचलचा जीव तुटला. तिला तरी दुसरं काय हवं होतं? ज्या धुऱ्यावरून वर पाहिलं, त्याच धुऱ्यावर उभं राहून एकदा उडवायचं, बापाच्या देखत. पण ती म्हणाली, "एखादं विमान वेळ चुकून आलं तर? त्यातही कोणाची तरी पोरगी शिकून राहते, बाबा."

उदाराम पाठीवर पंप चढवून बांधीत उतरले. साठी उलटलेला बाप चिखलात पाय ओढत फवारत होता आणि प्रमाणपत्रवाली लेक धुऱ्यावर उभी होती. तिला फार रडू आलं.

त्यानंतर पंधरवड्यानं उदाराम एसटीनं तिच्या गावी आले. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही त्यांच्याकडची जुनी रीत. आचलची कूस अजून उजवायची होती, म्हणून पाच वर्षं ते चपला न काढता दारात उभ्यानं येत आणि उभ्यानंच जात. आजही बरोबर शकुंतलाबाईंनी, म्हणजे आचलच्या आईनं, भरून दिलेला डबा होता. ते घरी न जाता थेट वावरात आले, जिथं आचल गावातल्या कोणाचा तरी धान फवारत होती.

त्यांनी आधी डोळे मिटून ड्रोनचा आवाज ऐकला. मग डोळे उघडून बघत राहिले, पार टाकी रिकामी होईस्तोवर. ड्रोन खाली आला आणि जराही न उसळता टेकला.

"नवी नाही दिसत," ते म्हणाले.

दोघं धुऱ्यावर बसली. उदारामांनी डबा मांडीवर घेतला, पण उघडला नाही.

"माह्या वावरात तुले उडवता येत नाही," ते सावकाश म्हणाले, "अन् तुह्या घरी मले जेवता येत नाही."

आचल खाली मान घालून बसली.

"तुहा नियम दिल्लीचा आहे, बाई. माहा तं माह्याच घरचा आहे." त्यांनी डबा तिच्या हातात दिला. "हा तू खाय. तुह्या मायच्या हातचा आहे. मले तुह्या घरचं वाढ."

नकाशावर बिरसी त्या दिवशीही लालच होती. उदाराम मात्र लेकीमागोमाग घरापर्यंत चालत आले आणि पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिच्या दारात चपला काढल्या.