कोऱ्या सोडलेल्या चार ओळी

नेहा, ओंकार — हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना ठाऊक होतं, पण आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही. आता आपली हळदीची कंपनी कायमची बंद करायचे कागद सहीला आलेत आणि संचालकांपैकी मी एकटीच उरले आहे. सही केली की विषय संपेल. म्हणून आधी लिहिते आहे.

कंपनी प्रायव्हेट लिमिटेड होती. सभांचं इतिवृत्त मी लिहीत असे, कारण घरात इंग्रजी मलाच नीट येई. पण सभा कसली? चहा पिताना बोलायचं आणि महिन्याभराने मी रजिस्टर भरायचं. मागाहून काही आठवलं तर जागा असावी म्हणून प्रत्येक ठरावाखाली चार ओळी कोऱ्या सोडायची माझी पद्धत. तिचा मला अभिमानही होता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आजोबा औरंगाबादला गेलेले. वारंगा फाट्याचा एक ट्रकमालक करार घेऊन आला — तीन हंगाम आमचा माल त्याच्याच गाड्यांनी न्यायचा. आमचे मॅनेजर किसनराव कचरले.

"बाई, माझी सही कशी चालंल? मालकांना येऊ द्या की."

"मग मॅनेजर कशाला म्हणायचं तुम्हाला? करा सही," मी म्हणाले. शिक्काही मीच पुढे सरकवला.

आजोबा परतले. करार त्यांना पटला नाही, त्यांनी तो मोडला, आणि ट्रकमालक कोर्टात गेला. आमच्या वकिलांनी विचारलं, मॅनेजरला सहीचा अधिकार कुणी दिला होता? सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी तेव्हा काय — नाही, सरळच लिहिते. एका जुन्या ठरावाखालच्या कोऱ्या ओळींत मी लिहिलं, की संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय मॅनेजरने कोणताही करार करू नये. त्याच पेनाने. आणि शपथेवर सांगितलं, मी किसनरावांना काही म्हणाले नव्हते.

का? नवऱ्याची भीती? छे. माझ्या हातून चूक होत नाही, असं घरात सगळे म्हणत — ते मला सोडवेना.

कोर्टाबाहेर किसनराव एवढंच म्हणाले, "तुमीच म्हणल्या व्हत्या न्हाई का, बाई?" मी रिक्षात बसले.

आणि त्या खोट्याने साधलं काय? निकाल आमच्या विरुद्ध गेला. मॅनेजरच्या खुर्चीतल्या माणसाने कंपनीचा शिक्का मारून सही केली, तर बाहेरच्याने आतली रजिस्टरं कशाला तपासायची? करार कंपनीवर बंधनकारक आहे, असं कोर्ट म्हणालं. गाड्या तीन हंगाम येत राहिल्या. किसनरावांना मात्र काढावं लागलं — त्यांनी परस्पर सही केली असं शपथेवर सांगून त्यांना ठेवणार कसं? हिंगोलीत पुन्हा कुणी त्यांना जबाबदारीचं काम दिलं नाही.

ते गेले, त्याला चार वर्षं झाली. त्यांची मुलगी इथेच शाळेत शिकवते. मध्ये बाजारात भेटली, वाकून नमस्कार केला. म्हणाली, "बाबांचं चुकलंच होतं, बाई. तुमी पोलिसात न्हाई दिलं, हेच लई झालं."

मी तिला घरची खुशाली विचारली.

ती अजूनही तेच मानते.